गुलमर्गची स्नोमोबाईल अन् आपली स्कूटर, पिकअपचं गणित एकच

नागपूरचे बरेच लोक गुलमर्गला जाऊन स्नोमोबाईलवर, म्हणजे बर्फावर चालणाऱ्या गाडीवर, चक्कर मारून येतात, पण ती गाडी अन् आपण बर्डीच्या गर्दीतून काढतो ती गिअरलेस स्कूटर, दोघींचं आतलं काम सारखंच आहे हे फार कोणाला माहीत नसते. दोन पुल्या अन् मधे एक बेल्ट, बस. १९५८ मध्ये डच कंपनी डाफने हीच सिस्टिम कारमध्ये आणली होती.

स्कूटरमध्ये इंजिनाकडच्या पुलीत, म्हणजे व्हेरिएटरमध्ये, छोटे रोलर असतात, स्नोमोबाईलमध्ये त्यांच्या जागी वजनं लावलेले लिव्हर. इंजिन जोरात फिरलं की हे बाहेर फेकले जातात अन् पुलीच्या दोन फाका जवळ ढकलतात, त्यामुळे बेल्ट वर चढतो, म्हणजेच गिअर वाढतो. आरपीएम, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे, दुप्पट झालं तर हा जोर चौपट होतो, म्हणून रोलरमध्ये एखाद्या ग्रॅमचा फरकही गाडीला लगेच समजतो. मागच्या पुलीत स्प्रिंग अन् तिरप्या खाचा असतात, डबलसीट सेमिनरी हिल्सचा चढ लागला की लोडमुळे ती पुली बेल्टला आवळते अन् गिअर आपोआप खाली येतो, आपल्याला काहीच करावं लागत नाही, मला तर हे डोकं लावणाऱ्याचं फार कौतुक वाटते.

आता ट्युनिंग म्हणजे काय, तर इंजिनाची सगळ्यात जास्त ताकद एका ठराविक आरपीएमलाच निघते, फुल थ्रॉटल दिल्यावर इंजिन तिथंच टिकलं पाहिजे. रोलर जास्त जड असले तर गिअर लवकर चढतो, आरपीएम पडते, गाडी दबल्यासारखी चालते. हलके टाकले तर पिकअप चांगला मिळतो पण जास्तच हलके झाले की इंजिन नुसतं ओरडते अन् पेट्रोलही पिते.

गुलमर्ग २,६०० मीटरच्या वर आहे, नागपूर जेमतेम ३१०. तिकडे हवा विरळ, त्यामुळे टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) नसलेल्या इंजिनाची जवळपास पाव ताकद तिथंच जाते, सपाटीवरची वजनं मग त्याला झेपत नाहीत, म्हणून डोंगरात वजनं हलकी करतात. तरीही कमी पडलं तर स्नोमोबाईलच्या चेनचं वरचं स्प्रॉकेट, म्हणजे दातेरी चाक, कमी दात्यांचं टाकतात, टॉप स्पीड थोडा जातो पण मऊ बर्फात ओढ वाढते. मला विचाराल तर आधी वजनं, मग स्प्रिंग, स्प्रॉकेटला हात सगळ्यात शेवटी, अन् एका वेळी एकच बदल, नाहीतर फरक कशाने पडला हे कळतच नाही.

अन् स्कूटरचा पिकअप गेला असेल तर नवे हलके रोलर घेण्याआधी जुने काढून बोटावर फिरवून बघा. गोल असायला पाहिजे तिथं एका बाजूने चपटे झाले असतील तर ते सरकतच नाहीत, अडकतात. बेल्टच्या कडा काचेसारख्या चमकत असतील तर तो घसरतोय. मे महिन्यात ४५ डिग्रीत बेल्ट तसाच तापलेला असतो, त्यात कव्हरची हवा यायची जाळी धुळीने भरली असेल तर तो अजून लवकर जातो, सर्व्हिसिंगला टाकाल तेव्हा ती जाळी आठवणीने साफ करून घ्या.