एचएमआय आणि स्काडा: स्क्रीन सारखी दिसते, काम सारखं नाहीये

पीएलसी (मशीन चालवणारा छोटा कॉम्प्युटर) आणि स्काडा (अख्ख्या प्लांटवर एका जागेवरून नजर ठेवणारी सिस्टिम) यांचा कोर्स करून आलेल्या कुणालाही विचारा की इनटच हे सॉफ्टवेअर काय आहे, उत्तर येतं स्काडा. आणि ते विकणारी कंपनी मात्र नावातच एचएमआय (माणसाने मशीन बघायची आणि हाताळायची स्क्रीन) लावते, अवेवा इनटच एचएमआय. मग चुकतंय कोण? खरं तर कुणीच नाही, पण या एका गोंधळामुळे लोक चुकीची वस्तू विकत घेतात, इंटरव्ह्यूत अडकतात आणि पुढे प्लांटमध्ये डेटा मागितला की तो कुठेच नसतो, म्हणून हे दोन्ही एकदा शेजारी शेजारी ठेवून नीट बघूया.

चाकण, भोसरी, वाळूज, अंबड कुठेही जा, मशीनच्या पॅनेलच्या दारावर सात इंची नाहीतर दहा इंची टच स्क्रीन बसवलेली असते, तिला सगळे एचएमआय म्हणतात. कंट्रोल रूममध्ये टेबलावर पीसी, त्याच्यावर अख्ख्या प्लांटचं चित्र, टाक्या, पंप, पाइप, हिरवे लाल दिवे, त्याला स्काडा म्हणतात. म्हणजे छोटी स्क्रीन एचएमआय आणि मोठी स्क्रीन स्काडा असा हिशोब डोक्यात बसतो, आणि बऱ्याच ठिकाणी तो बरोबरही निघतो, म्हणूनच तो डोक्यातून जात नाही. पण साइजवरून काहीच ठरत नाही.

एक डेअरी घ्या. पाश्चरायझरवर दूध ७२ अंशाला किमान १५ सेकंद धरायचं असतं, आणि तापमान ठरवलेल्या आकड्याच्या खाली गेलं की एक व्हॉल्व फिरतो आणि ते दूध पुढे न जाता परत मागच्या टाकीत येतं. हा व्हॉल्व फिरवायचं काम पीएलसी नाहीतर कंट्रोलर करतो, स्क्रीन नाही, हे आधी पक्कं लक्षात ठेवा कारण एचएमआय असो की स्काडा, दोन्हीत मशीन चालवतो तो पीएलसीच.

आता पाश्चरायझरसमोर ऑपरेटर उभा आहे, पायात गमबूट, हात ओले. त्याला काय हवंय? आत्ताचं तापमान मोठ्या आकड्यात, सेट पॉइंट (ठरवून दिलेलं तापमान), पंप चालू-बंद, आणि काही बिघडलं तर लाल पट्टी. एवढ्यासाठी पॅनेलवरचा एचएमआय असतो. २४ व्होल्ट डीसीवर चालतो, साध्या पॅनेलात पंखा नसतो, फिरणारी हार्ड डिस्क नसते, पुढची बाजू आयपी ६५ (धूळ-पाण्यापासून बचावाचा दर्जा) असली की पाण्याचा फवारा उडाला तरी चालतं, आणि बहुतेक वेळा एकाच पीएलसीशी एका केबलने जोडलेला. वीज आली की काही सेकंदांत चालू. त्याचं जग म्हणजे ते एक मशीन आणि आत्ताचा क्षण.

समजा रात्री पावणेतीनला स्टीमचं प्रेशर पडलं, तापमान ७१.४ वर आलं, पीएलसीने व्हॉल्व फिरवला, पॅनेलवर अलार्म आला, ऑपरेटरने बोट लावून अ‍ॅकनॉलेज केला, थोड्या वेळात तापमान परत चढलं आणि लाल पट्टी गेली. सगळं जसं व्हायला हवं तसंच झालं. पण सकाळी क्वालिटीवाले मॅडम येऊन विचारतात की तापमान नेमकं किती वेळ खाली होतं, परत आलेलं दूध किती, त्या वेळी बॉयलरचं प्रेशर काय होतं, आणि त्याच्या आधी कुणी सेट पॉइंट बदलला होता का. आता त्या पॅनेलमध्ये शेवटचे काही अलार्म असतीलही, एसडी कार्डवर लॉगिंग चालू केलं असेल तर थोडाफार डेटाही असेल, पण बॉयलरचा पीएलसी वेगळा, बहुतेक वेगळ्याच कंपनीचा, त्याचं घड्याळ चार मिनिटं पुढे, मग जोडणार कसं?

स्काडा लागतो तो इथे. बॉयलर, पाश्चरायझर, चिलर, दुधाचे सायलो, सगळ्यांचे टॅग (एकेका मोजमापाला दिलेली नावं आणि त्यांचे आकडे) एका सर्व्हरवर येतात, प्रत्येक आकड्यावर एकाच घड्याळाची वेळ पडते, सगळं डेटाबेसमध्ये जातं. मग ट्रेंडवर, म्हणजे वेळेप्रमाणे काढलेल्या आलेखावर, दोन रेघा एकाखाली एक लावल्या की दिसतं, स्टीमची रेघ आधी पडली आणि तापमानाची नंतर, म्हणजे पाश्चरायझरचा दोष नाहीये, बॉयलरकडे जा. आणि ऑडिट ट्रेल (कुणी कधी काय बदललं याची नोंद) चालू असेल तर संध्याकाळच्या शिफ्टला कुणाच्या लॉगिनवरून सेट पॉइंट ७४ चा ७२.५ केला तेही समोर येतं. हे पहिल्यांदा स्वतःच्या प्लांटच्या डेटावर बघितलं की या कामाची गोडी लागते, मला तरी तशीच लागली.

म्हणजे स्काडा ही एक वस्तू नाहीये, थर आहेत. खाली पीएलसीशी बोलणारे ड्रायव्हर किंवा ओपीसी सर्व्हर (वेगवेगळ्या कंपन्यांच्या पीएलसींचा डेटा एकाच पद्धतीने देणारा दुभाषी), त्याच्यावर टॅगची यादी, मग अलार्म, मग हिस्टोरियन (जुना डेटा साठवणारा भाग), युजरचे अधिकार, रिपोर्ट, आणि सगळ्यात वर चित्रं. ती वरची चित्रं म्हणजे एचएमआय. प्रत्येक स्काडात एचएमआय असतोच, पण प्रत्येक एचएमआयच्या मागे स्काडा असतो असं नाही. इनटचबद्दल कोर्स केलेला मुलगा आणि कंपनी दोघंही खरं बोलतात ते याच्यामुळे.

आणि यात इतिहासाचाही हात आहे. १९८७ मध्ये कॅलिफोर्नियात डेनिस मॉरिनने वंडरवेअर नावाची कंपनी काढली. त्याच्या आधी कंट्रोल रूममध्ये मिमिक पॅनेल असायचं, भिंतीवर प्लांटचं चित्र आणि त्यात बसवलेले दिवे, नाहीतर ज्या कंपनीचा कंट्रोलर त्याच कंपनीचं महाग टर्मिनल, त्याच्यात एक पंप वाढवायचा तरी त्यांच्याच माणसाला बोलवा. वंडरवेअरने सांगितलं की साधा पीसी घ्या, विंडोज घ्या, माउसने टाकी काढा, तिला टॅग जोडा, लेव्हल वर-खाली होताना दिसेल. पिनबॉलचं टेबल स्वतः जुळवायच्या एका व्हिडिओ गेमवरून मॉरिनला हे सुचलं असं सांगितलं जातं. माझ्या मते या क्षेत्रातला हा सगळ्यात मोठा बदल होता, कारण प्लांटचं चित्र काढायचं काम प्लांटमधल्याच इंजिनीअरच्या हातात आलं.

म्हणजे इनटच जन्माला आलं ते चित्रांचं सॉफ्टवेअर म्हणून. मग ट्रेंड, अलार्म, नेटवर्क जोडत जोडत ते इतकं वाढलं की छोट्या प्लांटमध्ये त्या एकावरच स्काडाचं काम भागायला लागलं आणि लोक त्यालाच स्काडा म्हणायला लागले. मोठ्या कामाला कंपनीने वेगळा हिस्टोरियन आणि सिस्टिम प्लॅटफॉर्म काढला. मालकही बदलत गेले, १९९८ ला सीबे, मग इन्व्हेन्सिस, २०१४ ला श्नायडर, २०१८ पासून अवेवा, त्यामुळे जुन्या ड्रॉइंगवर वंडरवेअर लिहिलेलं आणि नवीन कोटेशनवर अवेवा, घाबरू नका, घराणं तेच आहे.

बाकी कंपन्यांनीही नावं अशीच ठेवलीत. सीमेन्सचं विनसीसी हे एकच नाव पॅनेलवरच्या स्क्रीनलाही आहे आणि पीसीवरच्या पूर्ण स्काडालाही, त्यामुळे कुणी मला विनसीसी येतं म्हणालं तर पुढचा प्रश्न विचारावाच लागतो, बेसिक, कम्फर्ट की प्रोफेशनल? रॉकवेलने मात्र सरळ ठेवलंय, फॅक्टरीटॉक व्ह्यूचं मशीन एडिशन पॅनेलसाठी आणि साइट एडिशन प्लांटसाठी, मला ही नावं फार आवडतात.

स्काडा म्हणजे काय हे खऱ्या अर्थाने बघायचं असेल तर कारखान्याच्या बाहेर बघा. पाणीपुरवठा, गॅसची पाइपलाइन, वीज. कळव्याच्या स्टेट लोड डिस्पॅच सेंटरमध्ये (राज्याच्या विजेवर नजर ठेवणारं केंद्र) बसलेल्या माणसासमोर राज्यभरातल्या सबस्टेशनचे आकडे येत असतात, ते सबस्टेशन शेकडो किलोमीटर लांब आहे, तिथे आरटीयू (आकडे गोळा करून लांब पाठवणारं यंत्र) बसलेलं आहे, लाइन मध्येच तुटू शकते, उशीर होऊ शकतो, तरी कुठला आकडा ताजा आणि कुठला शिळा हे सिस्टिमने सांगायलाच हवं. स्काडाची मूळ गरज अशा लांबवर पसरलेल्या कामातून आली, कारखान्यात ती नंतर घुसली.

आणि लांबून बघता येतं म्हणजे लांबून बिघडवताही येतं. २३ डिसेंबर २०१५ ला युक्रेनच्या तीन वीज वितरण कंपन्यांच्या सिस्टिममध्ये हल्लेखोर घुसले, स्काडातून सबस्टेशनचे ब्रेकर उघडले, आणि साधारण सव्वादोन लाख ग्राहक अंधारात गेले. एका ठिकाणी ऑपरेटरच्या डोळ्यांसमोर माउस आपोआप फिरत होता. मशीनवरचा एकटा पॅनेल, ज्याला फक्त त्याच्या पीएलसीची केबल आहे, त्याच्यापर्यंत बाहेरून पोचणं अवघड, पण आता त्याच्यातही वेब सर्व्हर आणि रिमोट अ‍ॅक्सेस येतो, त्यामुळे डिफॉल्ट पासवर्ड आधी बदला, मग बाकीचं करा.

एक चूक मात्र कृपा करून करू नका, कंट्रोल लॉजिक स्काडाच्या स्क्रिप्टमध्ये लिहू नका. लेव्हल ८० टक्के झाली की पंप बंद हे पीएलसीत हवं. स्काडाचा पीसी अपडेटसाठी मध्येच रिस्टार्ट झाला तर प्लांट थोडा वेळ आंधळा होईल एवढंच नुकसान व्हायला पाहिजे, टाकी भरून वाहायला नको. आणि इमर्जन्सी स्टॉपचं बटण स्क्रीनवर काढून त्याच्यावर अवलंबून राहणं तर अजिबात नाही, ते वायरिंगनेच.

खरेदीचं बोलायचं तर पॅनेल घेताना स्क्रीनची साइज, कुठला प्रोटोकॉल (पीएलसीशी बोलायची भाषा) आणि किती पोर्ट एवढं बघितलं की झालं, बनवायचं सॉफ्टवेअर बऱ्याच ब्रँडचं फुकट मिळतं. स्काडात पैसा लायसनमध्ये जातो. डेव्हलपमेंटचं (बनवायचं) वेगळं, रनटाइमचं (चालवायचं) वेगळं, बरेच जण टॅगवर मोजतात, विनसीसीत १२८, ५१२, २०४८ असे टप्पे असतात, त्यात हिस्टोरियन आणि जास्तीचे क्लायंट (सर्व्हरला जोडलेल्या बघायच्या स्क्रीन) कधी वेगळे. कोटेशनमध्ये फक्त स्काडा सॉफ्टवेअर एक नग असं लिहिलेलं आलं तर परत पाठवा आणि विचारा, टॅग किती, क्लायंट किती, हिस्ट्री किती दिवसांची आणि कुठल्या डेटाबेसमध्ये. २०१० मध्ये इंडक्टिव्ह ऑटोमेशन या कंपनीने इग्निशन हे स्काडा सॉफ्टवेअर आणलं आणि टॅग मोजायचे नाहीत, सर्व्हरवर लायसन, असं धोरण ठेवलं, तेव्हापासून बाकीच्यांवरही दबाव आलाय आणि ते चांगलंच झालं.

शिकणाऱ्यांसाठी, हा फरक स्वतः बघायला पैसे लागत नाहीत. इग्निशन फुकट डाउनलोड होतं, ट्रायल दोन तासांनी थांबते पण परत चालू करता येते. त्यात सिम्युलेटर डिव्हाइस आहे, त्याचे दोन-चार टॅग घ्या, हिस्ट्री चालू करा, ब्राउझरमध्ये ट्रेंड काढा. मग ब्राउझर बंद करा, गेटवे (इग्निशनचा सर्व्हर) चालू राहू द्या, दहा मिनिटांनी परत उघडा, रेघ मध्ये कुठेच तुटलेली दिसणार नाही, कारण डेटा गोळा करणारा सर्व्हर तुमच्या स्क्रीनवर अवलंबून नव्हता. नंतर एखाद्या पॅनेलच्या सॉफ्टवेअरमधला सिम्युलेटर घ्या, त्याच्यावर तसाच ट्रेंड लावा, सिम्युलेटर बंद करून दहा मिनिटांनी उघडा आणि त्या दहा मिनिटांत काय दिसतं ते बघा.