पीई कंपनीसाठी सीएफओ शोधणं

प्रायव्हेट इक्विटी (पीई) फंडाने, म्हणजे गुंतवणूकदारांचे पैसे गोळा करून कंपन्या घेणाऱ्या आणि पुढे विकणाऱ्या फंडाने, एखादी कंपनी विकत घेतली किंवा तिच्यात मोठा हिस्सा घेतला की तिथे फायनान्सचा मुख्य माणूस, म्हणजे सीएफओ, शोधून बसवायचं जे काम असतं त्याबद्दल ही नोंद. लांबून बघितलं तर साधी भरती वाटते, सीए पाहिजे, पंधरा-वीस वर्षं अनुभव पाहिजे, झालं. पण पीईवाल्यांचं घड्याळ वेगळं असतं. फंडाचं आयुष्य बहुतेक वेळा १० वर्षांचं, त्यात घेतलेली कंपनी चार-पाच, फार तर सात वर्षांत विकून गुंतवणूकदारांचे पैसे परत करायचे, म्हणजे सीएफओ पहिल्या दिवशी आत येतो तेव्हाच ही कंपनी विकायची आहे हे सगळ्यांना माहीत असतं. पुण्याचं सह्याद्री हॉस्पिटल्स घ्या, २०२२ मध्ये एव्हरस्टोन या पीई फंडाकडून कॅनडातल्या ओंटारियोच्या शिक्षकांच्या पेन्शन फंडाकडे गेलं आणि २०२५ मध्ये मणिपाल हॉस्पिटल्सने घ्यायचं ठरलं. पेशंटला दारावरची पाटी तीच दिसते, आत मात्र दर वेळी नव्या मालकाला हवा तसा हिशेब मांडून द्यावा लागतो.

हे सगळं सुरू झालं अमेरिकेत. तिथे कंपनी विकत घ्यायला काढलेलं कर्ज त्याच कंपनीच्या डोक्यावर बसतं, त्यामुळे सीएफओचं पहिलं काम म्हणजे हप्ते आणि व्याज वेळेवर जाईल एवढी रोख हातात ठेवणं. सगळ्यात गाजलेलं उदाहरण आरजेआर नाबिस्कोचं. केकेआर या अमेरिकन पीई फर्मने सुमारे २५ अब्ज डॉलरला ही सिगारेट-बिस्किटवाली कंपनी घेतली, सौदा १९८९ मध्ये पूर्ण झाला, सीईओ म्हणून अमेरिकन एक्सप्रेसमधून लू गर्स्टनर आणले आणि सीएफओ म्हणून हाइन्झमधून कार्ल व्हॉन डर हेडन. गर्स्टनरचं नाव सगळ्यांना माहीत, पुढे आयबीएममुळे आणखीच. पण त्या काळात झोप उडवणारी गोष्ट होती कर्जरोखे, त्यातल्या काहींचा व्याजदर ठरलेल्या तारखेला बाजारभावाप्रमाणे नव्याने ठरणार होता आणि रोख्यांचा बाजार तर कोसळलेला, म्हणजे व्याज खूप वाढणार. १९९० मध्ये केकेआरला स्वतःचे आणखी पैसे घालून कर्जाची फेरमांडणी करावी लागली. असल्या कंपनीत फायनान्सची खुर्ची किती तापते ते यावरून कळतं.

भारतात चित्र जरा वेगळं आहे. शेअर विकत घ्यायला बँकांनी कर्ज द्यायचं यावर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध वर्षानुवर्षं होते, त्यामुळे इथले बरेच सौदे कमी कर्जाचे, आणि पुष्कळदा फंडाकडे थोडाच हिस्सा असतो, प्रमोटर घरचा मालक म्हणून तिथेच बसलेला असतो. मग सीएफओला कर्ज सांभाळण्यापेक्षा घरचा कारभार कंपनीच्या शिस्तीत आणायचं काम जास्त. प्रमोटरच्या बायकोच्या नावावरची जागा कंपनीने भाड्याने घेतलेली, भावाच्या फर्मकडून कच्चा माल, एकाच ड्रायव्हरचा पगार दोन कंपन्यांतून. आणि तिथे वीस वर्षांपासून असलेले अकाउंटंट काका, ज्यांना कुठल्या पार्टीचे किती अडकलेत ते टॅली न उघडता सांगता येतं. नवीन सीएफओने पहिल्याच आठवड्यात काकांना बाजूला सारलं तर तो सहा महिन्यांत हात चोळत बसतो, कारण अर्धी माहिती काकांच्या डोक्यात असते. माझ्या मते काकांशी जमवून घेणं ही चांगल्या सीएफओची एक मोठी परीक्षा आहे, पण जॉब डिस्क्रिप्शनमध्ये ही ओळ कधी लिहिलेली नसते.

कामाचं स्वरूप म्हणाल तर पहिल्या १०० दिवसांचा प्लॅन, १३ आठवड्यांचा रोखीचा अंदाज, महिना संपला की आठ-दहा दिवसांत एमआयएस (मालकांना द्यायचा महिन्याच्या आकड्यांचा अहवाल), उधारी वसुली, गोदामातला माल कमी करणं, आणि शेवटी एक्झिटची, म्हणजे फंडाने हिस्सा विकून बाहेर पडण्याची तयारी, मग तो आयपीओ असो नाहीतर दुसऱ्या फंडाला विक्री. यातली खरी गोम ईबिटडामध्ये, म्हणजे व्याज, टॅक्स आणि घसारा वजा करण्याआधीच्या नफ्यामध्ये आहे. समजा कंपनी ईबिटडाच्या १२ पटीने विकली जाणार असेल तर ईबिटडात १ कोटी वाढला की किंमत १२ कोटींनी वाढली, म्हणून सगळ्यांचा मोह असा की हा खर्च एकदाच झाला, तो धरू नका, ती कोर्टाची फी नफ्यात परत जोडा, अमुक पगार पुढे लागणार नाही. विकत घेणाऱ्याची ड्यू डिलिजन्सची (सौद्याआधी हिशेब तपासणारी) टीम बसते तेव्हा असले आकडे एकेक करून सोलून काढते आणि मग किंमत तर पडतेच, वर विश्वासही जातो. जो सीएफओ हे आधीच, घरातल्या मीटिंगमध्ये, फंडाच्या पार्टनरसमोर सांगतो तोच पाहिजे असतो.

म्हणून शोधणारेही तेच शोधतात. काम बहुतेक वेळा एक्झिक्युटिव्ह सर्च फर्मकडे, म्हणजे वरच्या पदांसाठी माणसं शोधून देणाऱ्यांकडे जातं. हायड्रिक अँड स्ट्रगल्स (१९५३) आणि स्पेन्सर स्टुअर्ट (१९५६) शिकागोतल्या, इगॉन झेंडर (१९६४) झुरिकची, रसेल रेनॉल्ड्स आणि कॉर्न फेरी दोन्ही १९६९ च्या. रिटेनरवर, म्हणजे आधीपासून फी बांधून काम असेल तर परंपरेने पहिल्या वर्षाच्या रोख पगाराच्या साधारण एक तृतीयांश फी, ती तीन हप्त्यांत, म्हणजे माणूस मिळायच्या आधीच मीटर सुरू. लाँगलिस्ट, मग शॉर्टलिस्ट, मग फंडाचा पार्टनर, ऑपरेटिंग पार्टनर (घेतलेल्या कंपन्यांच्या कारभारात लक्ष घालणारा फंडाचा माणूस), सीईओ आणि प्रमोटर असे सगळे भेटणार. आणि इथेच घोळ होतो, कारण फंडाला आपला माणूस आत हवा असतो आणि प्रमोटरला आपला, उमेदवार बिचारा दोन घरचा पाहुणा. मुलाखतीत सगळ्यात कामाचा प्रश्न असा असतो की मागच्या कंपनीत बँकेची अट मोडणार किंवा बजेट चुकणार हे तुम्हाला कधी कळलं आणि तुम्ही वर कधी सांगितलं. या दोन तारखांमधलं अंतर म्हणजे तो माणूस. उत्तर पटलं तरी जुना ऑडिटर, बँकेचा माणूस, आधीचे सहकारी यांना गुपचूप फोन होतातच, उमेदवाराने दिलेल्या रेफरन्सवर कोणी फारसं विसंबत नाही.

पगार बऱ्याचदा मोठ्या लिस्टेड कंपनीपेक्षा कमी असतो, माणूस येतो तो ईसॉपसाठी, म्हणजे कंपनीचे शेअर ठरलेल्या किमतीला घ्यायच्या हक्कासाठी. हे शेअर वर्षांनुसार थोडे आणि फंडाचे पैसे अमुक पट झाले तर थोडे असे मिळतात, एक्झिट झालीच नाही तर हातात कागद. मध्येच सोडलं तर तुम्ही गुड लीव्हर (करारात मान्य कारणाने गेलेला) की बॅड लीव्हर (तसं नसताना गेलेला) यावर सगळं अवलंबून, ते कलम वकिलाकडून वाचून घ्यावं. शिवाय ईसॉप एक्सरसाइज केल्यावर, म्हणजे ते शेअर प्रत्यक्ष घेतल्यावर, शेअरची तेव्हाची किंमत आणि तुम्ही भरलेली किंमत यांच्या फरकावर पगारासारखा टॅक्स लागतो, शेअर विकून पैसे आलेले नसले तरी, ही गोष्ट पुष्कळांना उशिरा कळते.

लिस्टेड कंपनीत आणखी एक बंधन आहे. पूर्वी काही फंड प्रमोटरशी किंवा वरच्या अधिकाऱ्यांशी बाजूला करार करायचे की आम्हाला अमुक नफा झाला तर त्यातला वाटा तुम्हाला. सेबीने जानेवारी २०१७ पासून अशा करारांना बोर्डाची आणि सामान्य भागधारकांची मंजुरी सक्तीची केली. २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे लिस्टेड कंपनीला आणि १० कोटी किंवा जास्त भरणा भांडवल असलेल्या पब्लिक कंपनीला पूर्णवेळ सीएफओ ठेवावाच लागतो, प्रायव्हेट लिमिटेडला ती सक्ती नाही, त्यामुळे बऱ्याच पीई कंपन्यांत आयपीओचा विचार सुरू झाल्यावरच ही खुर्ची नीट भरली जाते. लिस्टेड कंपनीत सीएफओ गेला तर सेबीच्या नियमाने तीन महिन्यांत दुसरा नेमायचा असतो, आणि चांगल्या उमेदवाराचा नोटीस पिरियडच अनेकदा ९० दिवसांचा असतो.