तीस इंचांची रात्र

२६ जानेवारी २०१५, सोमवार. न्यू जर्सीत एडिसनच्या आसपास राहणाऱ्या आम्हा मराठी मंडळींचे फोन त्या दिवशी दुपारपासून वाजत होते. प्रजासत्ताक दिनाच्या शुभेच्छा दोन शब्दांत उरकायच्या आणि लगेच विचारायचं, "दूध मिळालं का?" भारतीय किराणा दुकानात पराठ्यांचा फ्रीजर तीन वाजताच रिकामा झाला होता. पीठ होतं, पण रांग दारापर्यंत आली होती.

घरी टीव्हीवर स्थानिक वाहिनी लावलेली. खालच्या पट्टीत लाल अक्षरं धावत होती, कोपऱ्यात वादळ यायला किती तास उरले ते दाखवणारं घड्याळ होतं आणि मधोमध नकाशा. न्यूयॉर्क आणि आसपासच्या पट्ट्यावर आकडा होता, २० ते ३० इंच. म्हणजे अर्धा ते पाऊण मीटर बर्फ. निवेदिका, हवामान सांगणारा, रस्त्यावर उभा असलेला वार्ताहर, सगळे 'तीस' म्हणत होते. 'वीस' एकानेही म्हटलेलं मला आठवत नाही, मग त्याहून कमी पडण्याची शक्यता किती, हे कोण सांगणार?

न्यूयॉर्कच्या महापौरांनी हे वादळ शहराच्या इतिहासातलं सगळ्यात मोठं ठरू शकेल असा इशारा दिला होता. रात्री अकराला तिथली भुयारी रेल्वे बंद केली गेली. बर्फामुळे ती संपूर्ण बंद ठेवण्याची ११० वर्षांतली ही पहिलीच वेळ. रूळ मोकळे राहावेत म्हणून रिकाम्या गाड्या मात्र रात्रभर धावत होत्या. आमच्याकडेही अकरानंतर रस्त्यावर यायला बंदी होती.

सकाळी उठून मी मागच्या दाराने बाहेर गेलो आणि मुलीची शाळेची फूटपट्टी बर्फात उभी खुपसली. जेमतेम सहा इंच. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये अधिकृत नोंद झाली ९.८ इंचांची.

त्या दिवशी मी चिडलो होतो. "हवामान खात्याला काही कळत नाही" हे वाक्य माझ्याही तोंडून निघालं. पुढे या विषयात थोडं खोलात गेलो तेव्हा लक्षात आलं, की माझा राग चुकीच्या पत्त्यावर गेला होता.

कारण वादळ आलं होतं. सेंट्रल पार्कपासून सत्तर-ऐंशी किलोमीटर पूर्वेला लाँग आयलंडवर इस्लिप नावाचं गाव आहे. तिथे २४.९ इंच बर्फ पडला. मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टर शहरात ३४.५ इंच पडला आणि तिथला विक्रम मोडला. पुण्याहून खोपोलीला जावं एवढ्या अंतरात दहा इंचांचे पंचवीस झाले होते. वादळाची वाट अपेक्षेपेक्षा थोडी पूर्वेकडे, समुद्राच्या बाजूला सरकली, एवढंच घडलं. अशा अवाढव्य वादळात एवढं सरकणं ही अंदाजाची फार मोठी चूक नव्हे. पण आपलं घर नेमकं त्या कडेवर असेल, तर ती सगळी चूक आपल्याच अंगणात येऊन पडते.

या वादळांना इथे 'नॉरईस्टर' म्हणतात, कारण ती किनाऱ्यावर येतात तेव्हा वारा ईशान्येकडून वाहतो. अटलांटिकच्या किनाऱ्यालगत कमी दाबाचा पट्टा तयार होतो. समुद्रात गल्फ स्ट्रीमचा उबदार प्रवाह, जमिनीवर कॅनडाहून उतरलेली कोरडी, गोठलेली हवा. या दोन्हींमधल्या फरकावर वादळ पोसलं जातं. समुद्राकडची ओल थंड हवेवर चढते आणि बर्फ होऊन पडते. वादळ किनाऱ्याच्या फार जवळून गेलं, तर दीड-एक किलोमीटर उंचीवर उबदार हवेचा थर घुसतो. वरून निघालेला बर्फ त्यात वितळतो आणि खाली पाऊस किंवा बर्फाचे टणक खडे पडतात. फार लांबून गेलं, तर पश्चिमेच्या कडेवरची कोरडी हवा पडता बर्फ हवेतच शोषून घेते. मोठा बर्फ पडतो तो या दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात. वॉशिंग्टन, बाल्टिमोर, फिलाडेल्फिया, न्यूयॉर्क, बॉस्टन ही शहरं जवळजवळ एका ओळीत आहेत, आणि पुष्कळदा त्या पट्ट्याची कड याच ओळीवरून जाते. कोट्यवधी माणसं या कडेवर राहतात.

आणखी एक अडचण इंचांचीच आहे. हवामानाचं गणित मांडणारं संगणकाचं मॉडेल मुळात पाणी मोजतं. एक इंच पाण्याचा साधारण दहा इंच बर्फ होतो, असा ढोबळ हिशेब. पण ओला, जड बर्फ असेल तर पाचच इंच होतो आणि कडाक्याच्या थंडीत पडणारा भुरभुरीत बर्फ वीस इंचही भरतो. पावसाच्या अंदाजात अर्ध्या इंचाची चूक झाली तर कोणाच्या लक्षातही येत नाही. तीच चूक बर्फात पाच-दहा इंचांची होते, आणि ती मोजायला शाळेची फूटपट्टी पुरते.

म्हणूनच हवामानशास्त्रज्ञ एका उत्तरावर थांबत नाहीत. आत्ताच्या हवेची मोजणी कधीच पूर्ण अचूक नसते, हे त्यांना ठाऊक असतं. त्यामुळे सुरुवातीच्या आकड्यांत बारीक बारीक फरक करून तेच मॉडेल पुन्हा पुन्हा चालवतात. युरोपीय हवामान केंद्राचं मॉडेल असं पन्नासएक वेळा चालवलं जात होतं. पन्नास उत्तरं जवळपास सारखी आली तर भरवसा वाढतो, आणि ती आठ इंचांपासून तीस इंचांपर्यंत विखुरली तर तेही एक उत्तरच असतं: अजून नक्की नाही. त्या आठवड्यात युरोपीय मॉडेल न्यूयॉर्कवर मोठा बर्फ दाखवत होतं. नुकतीच सुधारणा झालेलं अमेरिकी मॉडेल बरंच कमी दाखवत होतं. २०१२ मध्ये सँडी वादळाच्या वेळी युरोपीय मॉडेल आधी बरोबर ठरलं होतं, त्यामुळे तिकडे कल झुकणं साहजिक होतं.

हे मतभेद शास्त्रज्ञांच्या खोलीत उघडपणे मांडले जात होते. माझ्या दिवाणखान्यापर्यंत पोचलं ते फक्त तीस. आपलं भांडण असायला हवं ते या गाळणीशी.

नॅशनल वेदर सर्व्हिस, म्हणजे इथल्या सरकारी हवामान खात्याच्या माउंट हॉली कार्यालयाचे तेव्हाचे प्रमुख गॅरी शॅटकोव्स्की यांनी त्याच रात्री ट्विटरवर लोकांची आणि निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्यांची जाहीर माफी मागितली. आमचा भाग त्यांच्याच अखत्यारीत येतो. सरकारी शास्त्रज्ञाने रात्री जागून मोकळेपणाने चूक कबूल करावी, याचा माझ्या मनावर फार परिणाम झाला. आम्ही पाहत होतो ती वाहिनी दुसऱ्या दिवशी लाँग आयलंडवरच्या बर्फाच्या ढिगाऱ्यांत उभी होती. आमच्या सहा इंचांबद्दल तिथे अवाक्षर नव्हतं.

टीव्हीवरचे अंदाज मुळातच जास्तीकडे झुकतात का, हे तपासून पाहिलं गेलं आहे. कॅन्सस सिटीत एका गृहस्थांनी मुलीच्या शाळेच्या प्रकल्पाच्या निमित्ताने स्थानिक वाहिन्यांचे अंदाज कित्येक महिने रोज टिपून ठेवले आणि प्रत्यक्ष हवामानाशी ताडून पाहिले. वाहिन्यांनी पाऊस शंभर टक्के येणार म्हणून सांगितलं, त्यातल्या साधारण एक तृतीयांश वेळी तो आलाच नाही. पुढे संशोधकांनी 'वेदर चॅनल' या देशव्यापी वाहिनीचे अंदाजही तपासले. पावसाची शक्यता वीस टक्के सांगितली, तेव्हा तो प्रत्यक्षात पाच टक्क्यांच्या आसपास वेळाच पडत होता. सरकारी खात्याचे अंदाज मात्र या कसोटीवर चांगले उतरतात. वीस टक्के म्हटलं, की शंभरातल्या वीसेक दिवशी पाऊस पडतो. शक्यता सांगणाऱ्याचा प्रामाणिकपणा असाच मोजायचा असतो. एका दिवसाच्या निकालावरून तो कळत नाही, शंभर दिवसांच्या वहीवरून कळतो.

जास्तीकडे झुकण्यामागचा हिशेब साधा आहे. पाऊस येणार म्हटलं आणि ऊन पडलं, तर लोक खूश होतात. ऊन म्हटलं आणि सहल भिजली, तर लोक वाहिनी बदलतात. बर्फाच्या बाबतीत याला आणखी एक आर्थिक बाजू आहे. इथे स्थानिक वाहिन्यांचे जाहिरातींचे दर कित्येक दशकं वर्षातल्या चार ठरावीक महिन्यांतल्या प्रेक्षकसंख्येवरून ठरत आले. त्या मोजणीला 'स्वीप्स' म्हणतात. ते महिने म्हणजे नोव्हेंबर, फेब्रुवारी, मे आणि जुलै. फेब्रुवारी हा ईशान्य अमेरिकेत भर बर्फाचा महिना. माणूस एरवी स्थानिक बातम्या बघो न बघो, वादळाच्या आदल्या रात्री टीव्हीसमोर बसतोच. दुसऱ्या दिवशी शाळा आहे का, हे त्याला त्यातूनच कळायचं असतं. अशा रात्री 'चार ते चौदा, बहुधा आठ' म्हणणाऱ्या वाहिनीशेजारी 'चौदा' म्हणणारी वाहिनी असली, तर लोक कुठे थांबतील?

शब्दही असेच फुगतात. 'ब्लिझार्ड' या शब्दाला इथे काटेकोर व्याख्या आहे: ताशी ३५ मैल, म्हणजे ५६ किलोमीटर किंवा त्याहून जोराचा वारा, उडत्या बर्फामुळे पाव मैलापलीकडचं दिसेनासं होणं, आणि हे किमान तीन तास टिकणं. व्याख्येत इंचांचा उल्लेखच नाही. टीव्हीवर मात्र जरा जास्त बर्फ म्हटलं की ब्लिझार्ड. २०१२ पासून वेदर चॅनलने हिवाळी वादळांना स्वतःच नावं द्यायला सुरुवात केली. सरकारी खातं ती नावं वापरत नाही. चक्रीवादळाला डोळा असतो, ठरलेली मोजमापं असतात. हिवाळी वादळ पसरट असतं, एकाच वेळी एका गावात पाऊस आणि दुसऱ्या गावात बर्फ पाडतं. नाव दिलं की ते प्रत्येकाच्या दारात सारखंच येणार असं वाटायला लागतं. मला हे नामकरण अजिबात पटत नाही.

पण वाहिन्यांना खलनायक ठरवून मोकळं होणंही अन्यायाचं होईल. २४-२५ जानेवारी २००० ला पूर्व किनाऱ्यावर अंदाज उलट्या बाजूने चुकला. नॉर्थ कॅरोलायनातल्या रॅले परिसरात २०.३ इंच बर्फ पडला आणि लोक बेसावध होते. अशी एक रात्र हवामान सांगणाऱ्याच्या मनात वर्षानुवर्षं राहते. जास्त सांगून चुकलं तर लोक चेष्टा करतात, कमी सांगून चुकलं तर माणसं रस्त्यात अडकतात. जानेवारी २०१४ मध्ये अटलांटात तीन इंचही बर्फ पडला नाही. पण सगळं शहर एकाच दुपारी घरी निघालं, रस्ते गोठले, हजारो गाड्या रात्रभर जागीच अडकल्या आणि कित्येक मुलं शाळेतच झोपली. इंच थोडे असले म्हणून संकट छोटं असतं असं नाही. दक्षिणेतल्या शहराकडे बर्फ हटवणाऱ्या गाड्या किती, आणि बर्फ कुठल्या वेळी पडतो, यावर ते ठरतं.

या भीतीच्या दडपणाखाली सरकारी खातंही एकदा वाकलं. मार्च २०१७ मध्ये पुन्हा एक मोठं वादळ येत होतं. आदल्या दुपारी नवी गणितं न्यूयॉर्कसाठी बराच कमी बर्फ दाखवू लागली. अधिकाऱ्यांनी चर्चा केली आणि मोठा आकडा तसाच ठेवला. ऐन वेळी आकडा उतरवला तर लोक गोंधळतील, धोका टळला असं समजून बाहेर पडतील, असं त्यांना वाटलं. सेंट्रल पार्कमध्ये ७.६ इंच पडला, त्यात टणक खडेही होते. आतल्या बाजूच्या बिंगहॅम्टनला तीस इंचांहून जास्त पडला. हेतू चांगला होता हे मी मानतो. तरीही तो निर्णय चूक होता असंच मला वाटतं. जे आपल्याला कळलं ते लोकांना सांगायचं नाही असं एकदा ठरलं, की पुढच्या वेळी त्यांनी आपल्यावर विश्वास का ठेवावा?

हा विश्वास कसा झिजतो, ते मी शेजारीच पाहिलं. जानेवारी २०१६ मध्ये, त्या फसलेल्या रात्रीनंतर बरोबर वर्षभराने, पुन्हा वादळाची बातमी आली. आमच्या शेजारचे काका सत्तरीचे. म्हणाले, "गेल्या वर्षी तीस म्हणाले नि सहा पडला. आता मी नाही धावपळ करणार." गाडी रस्त्याच्या कडेलाच ठेवली, औषधांच्या दुकानात गेले नाहीत. त्या वेळी सेंट्रल पार्कमध्ये २७.५ इंच पडला. १८६९ पासूनच्या नोंदींत तिथे एवढा बर्फ कधीच पडला नव्हता. बर्फ हटवणाऱ्या गाडीने रस्त्यावरचा सगळा बर्फ कडेला लोटला आणि काकांची गाडी छपरापर्यंत गाडली गेली. आम्ही चौघं फावडी घेऊन खणत होतो. वरचा थर हलका होता, खालचा दाबून विटेसारखा झालेला. रक्तदाबाच्या गोळ्या दुसऱ्या एका घरातून मागून आणल्या. नशिबाने डॉक्टरांनी तीच गोळी दोघांना दिली होती.

सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात सुझन जोस्लिन यांच्या गटाने नेमका हाच प्रश्न प्रयोगात घेतला. लोकांना रस्त्यावर मीठ टाकायचं की नाही, हे थंडीच्या अंदाजावरून ठरवायला दिलं. मीठ टाकायला पैसे लागतात, न टाकता रस्ता गोठला तर मोठा दंड. काहींना फक्त एक आकडा सांगितला, काहींना त्याबरोबर तापमान गोठणबिंदूखाली जाण्याची शक्यता टक्क्यांत सांगितली. खोटे इशारे वाढले तसा लोकांचा भरवसा उतरला. टक्के मिळालेल्यांनी मात्र निर्णय अधिक चांगले घेतले आणि अंदाजावरचा त्यांचा विश्वासही जास्त टिकला. सामान्य माणसाला शक्यता कळत नाही, त्याला एकच आकडा द्यावा, ही समजूत या प्रयोगांत टिकली नाही. लॉटरीचं तिकीट घेणाऱ्याला, ऑपरेशनच्या कागदावर सही करणाऱ्याला शक्यता कळते. बर्फाचीच का कळू नये?

आता सरकारी खात्याच्या संकेतस्थळावर वादळाआधी तीन नकाशे शेजारी शेजारी दिसतात. मधला अपेक्षित बर्फाचा. एका बाजूला खालचा आकडा: दहात नऊ वेळा यापेक्षा जास्त पडेल. दुसऱ्या बाजूला वरचा: यापेक्षा जास्त पडण्याची शक्यता दहात एक. टीव्हीवर मोठ्या अक्षरांत येतो तो बहुधा या तिसऱ्या नकाशातला आकडा असतो, हे एकदा शेजारी ठेवून पाहिलं की लगेच कळतं.

परवा वादळाची बातमी आली तेव्हा साताऱ्याहून आईचा फोन आला. तिने मोबाइलवर कुठलीशी क्लिप पाहिली होती. "अठरा इंच पडणार म्हणे रे तुमच्याकडे?"

मी नकाशे उघडून वाचून दाखवले. "कमीत कमी तीन, जास्तीत जास्त अठरा. बहुधा सात."

ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे सातची तयारी करायची आणि अठराची औषधं आणून ठेवायची. काकांना सांगितलंस का?"

फोन ठेवून मी जोडे घातले आणि शेजारी गेलो.