टॅरो मांडणी, प्रायोगिक

भविष्य पाहण्यासाठी वापरले जाणारे टॅरोचे चित्रमय पत्ते पिसून व कापून ठरलेल्या जागांवर क्रमाने ठेवायचे आणि प्रत्येक पानाचा अर्थ त्याच्या जागेवरून लावायचा, या पद्धतीस मांडणी म्हणतात. बोलण्यात ‘स्प्रेड’ हाच शब्द रूढ आहे. जागांची संख्या, त्यांचे अर्थ किंवा वाचनाचा नियम नव्याने ठरवून तो वारंवार वापरून पाहिला, तर ती मांडणी प्रायोगिक ठरते. कॅट ७८ पानांचा असतो : मोठ्या अर्काना या चित्रपानांच्या गटाची २२ आणि लहान अर्काना या गटाची ५६. लहान अर्कानात काठी, चषक, तलवार व नाणे अशी चार रंगांची पाने येतात.

हे पत्ते मुळात खेळाचे. उत्तर इटलीत पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात ते तयार झाले असावेत. फ्लॉरेन्स येथे १४४० मध्ये व फेरारा येथे १४४२ मध्ये त्यांचे लेखी उल्लेख आढळतात. त्यांचा उगम प्राचीन ईजिप्तमध्ये आहे, हे मत फ्रेंच विद्वान कूर द जेबलँ यांनी १७८१ मध्ये पॅरिस येथे मांडले. ईजिप्तची चित्रलिपी उलगडण्याच्या सुमारे चाळीस वर्षे आधीचे हे मत असून त्यास पुरावा नाही. तरीही ते आजवर छापले जाते. एतेया या टोपणनावाने लिहिणाऱ्या फ्रेंच लेखकाने त्यानंतर लवकरच टॅरोवरून भविष्य सांगण्याची पद्धत प्रसिद्ध केली. बोलोन्या येथील, बहुधा १७५० पूर्वीच्या, एका हस्तलिखित यादीत काही पानांचे शकुनार्थ दिलेले आहेत. त्यामुळे भविष्यकथनाची सुरुवात पॅरिसमध्येच झाली असे म्हणणे धाडसाचे होईल.

मांडण्यांमध्ये सर्वाधिक वाद ‘केल्टिक क्रॉस’विषयी आहे. गूढविद्येवर लिहिणारे आर्थर एडवर्ड वेट यांनी १९१० च्या सुमारास ती ‘प्राचीन केल्टिक पद्धत’ म्हणून छापली. इंग्लंड, स्कॉटलंड व आयर्लंडमध्ये ती बरीच वर्षे खाजगीरीत्या वापरली जात होती, असे त्यांनी सांगितले. केल्टिक लोकांशी तिचा संबंध दाखवणारे साधन उपलब्ध नाही. १८८८ मध्ये स्थापन झालेल्या गोल्डन डॉन या गूढविद्येच्या मंडळाच्या परिघात ती आकारास आली, हे मत अधिक ग्राह्य वाटते. वेट यांच्या क्रमात पृच्छकाचे प्रतीक असलेल्या पानावर पहिले पान ठेवतात, दुसरे त्यावर आडवे, तिसरे वर, चौथे खाली, पाचवे मागे (भूतकाळ) आणि सहावे पुढे (भविष्य). उरलेली चार उजवीकडे खालून वर रचतात. पुढील लेखकांनी तिसऱ्या ते सहाव्या जागेचा क्रम आपापल्या सोयीने बदलला. मूळ नियमात ‘मागे’ म्हणजे प्रतीक-पानावरील आकृतीची पाठ जिकडे असेल ती बाजू. आकृतीला अशी दिशा नसेल, तर ती सुरुवातीपूर्वीच ठरवावी, असे वेट बजावतात. ही सूचना बहुतेक जण वगळतात, आणि हे नुकसानीचे आहे. कारण पान दिसल्यावर दिशा ठरवली, तर भूतकाळाचे पान भविष्याचे करता येते.

सातारा-सांगली भागातील वाचकाला ही अट परकी वाटू नये. येथील देवळांत कौल लावताना मूर्तीच्या कोणत्या बाजूचे फूल पडल्यास होकार, हे गाऱ्हाणे घालतानाच बोलले जाते. रामशलाका प्रश्नावलीत २२५ घरांपैकी एका घरावर बोट ठेवल्यावर दर नववे अक्षर घ्यायचे असते. तेथे सांगणाऱ्याला निवड उरत नाही. पोपटवाल्याच्या पाकिटात तर मजकूरही आधीच लिहिलेला असतो. पिंगळ्याचे बोलणे मात्र समोरच्या घराकडे पाहून फुलत जाते. टॅरो या दोन टोकांच्या मध्ये बसतो : पान नशिबाने येते, अर्थ माणूस लावतो. मांडणी कडक केली की तो कौलाकडे सरकतो, सैल ठेवली की पिंगळ्याकडे.

रचना करताना जागा एकमेकींत मिसळणार नाहीत हे पाहावे लागते. उदाहरणार्थ, कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर कृष्णा व कोयना समोरासमोर येऊन मिळतात आणि पूर्वेकडे वळतात. त्यावरून दोन भावांमधील बांधाच्या वादासाठी सहा पानांची मांडणी करता येईल : डावीकडून दोन पाने एका भावाची, उजवीकडून दोन दुसऱ्याची, मधले संगमाचे आणि खालचे पुढच्या वाटेचे. प्रत्येक बाजूच्या दोन पानांपैकी बाहेरचे ‘मागणे’ व आतले ‘भीती’ दाखवील, हे लिहून ठेवल्याशिवाय मांडणी पूर्ण झाली असे समजू नये. उलटी पाने वाचायची की नाहीत, हेही तेव्हाच ठरवावे. एकच पान सोयीनुसार सरळ-उलटे वाचण्यासारखी दुसरी चूक नाही.

नवे नियम सुचवणाऱ्याने थोडे गणित केलेच पाहिजे. ‘मोठे (म्हणजे मोठ्या अर्कानाचे) पान आले तर बाब गंभीर’ हा नियम वजनदार वाटतो. परंतु चांगले पिसलेल्या कॅटमधून काढलेल्या तीन पानांत किमान एक मोठे पान येण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के असते आणि वरील सहा पानांच्या मांडणीत ती सुमारे ८७ टक्के होते. म्हणजे जवळजवळ प्रत्येक वाद गंभीर ठरेल. याउलट, ठरावीक एक पान तीन पानांच्या मांडणीत २६ पैकी सरासरी एकदाच येते. क्रम धरता तीन पानांच्या ४,५६,४५६ मांडण्या होतात. त्यामुळे ‘नेमकी हीच मांडणी आली’ याचे आश्चर्य वाटण्याचे कारण नाही; कोणतीही मांडणी तितकीच दुर्मिळ असते.

पडताळणीसाठी प्रश्न पुढे निःसंदिग्ध उत्तर मिळेल असा असावा. साठवलेली हळद आता विक्रीस काढावी की महिनाभर थांबावे, हा प्रश्न त्या दृष्टीने चांगला. महिन्यानंतर सांगलीच्या बाजारातील भावच निकाल देतो. अशा होय-नाही स्वरूपाच्या २० प्रश्नांत नाणे उडवूनही १५ किंवा अधिक उत्तरे बरोबर येण्याची शक्यता सुमारे २ टक्के असते, तर १४ किंवा अधिक येण्याची सुमारे ६ टक्के. दहा-बारा बरोबर आल्याने काही सिद्ध होत नाही. स्वभाववर्णनासाठी जुळवणीची चाचणी वापरतात : पाच जणांची वाचने नावांविना मिसळून द्यायची आणि प्रत्येकाने स्वतःचे ओळखायचे. निव्वळ अंदाजाने वाटली तरी सरासरी एक वाचन योग्य माणसाला मिळते. पाचही जुळण्याची शक्यता १२० मध्ये एक. माणसे एकमेकांच्या ओळखीची नसावीत. मानसशास्त्रज्ञ सुझन ब्लॅकमोर यांच्या टॅरोवरील प्रयोगात आरंभी दिसलेले यश अनोळखी व्यक्ती घेतल्यावर टिकले नाही.

वाचन ‘पटले’ ही कसोटी अपुरी आहे. मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी १९४८ मध्ये ३९ विद्यार्थ्यांना एकच स्वभाववर्णन वैयक्तिक म्हणून दिले, तेव्हा त्यांनी त्याला ५ पैकी सरासरी ४.२६ गुण दिले. महाराष्ट्रातील जवळचे उदाहरण ज्योतिषाचे आहे. मूळचे साताऱ्याचे नरेंद्र दाभोलकर यांच्या सहभागाने जयंत नारळीकर व सहकाऱ्यांनी २००८ मध्ये घेतलेल्या चाचणीत २७ ज्योतिषांना प्रत्येकी ४० कुंडल्या देऊन त्या हुशार मुलांच्या की मतिमंद मुलांच्या, हे विचारले गेले. बरोबर उत्तरांचे सरासरी प्रमाण ४६ टक्के होते. टॅरोसाठी हाच आराखडा जवळजवळ जसाच्या तसा वापरता येतो; फरक एवढाच, की कुंडली जन्मवेळेवरून पुन्हा मांडता येते, तर पिसलेली पाने परत तशी येत नाहीत. म्हणून पाने उचलण्यापूर्वी मांडणीचे छायाचित्र, तारीख व जागांचे अर्थ एकत्र बंद पाकिटात ठेवून ते तिऱ्हाइताकडे द्यावे.