तबकडी आणि डिजिटल ध्वनी (खानदेशच्या संदर्भात)

ग्रामोफोनच्या तबकडीच्या खाचेत ध्वनीची लहर जशीच्या तशी कोरलेली असते व सुई ती चाचपत जाते. डिजिटल मुद्रणात त्याच लहरीची मापे घेऊन आकडे साठवतात. १९८२ मध्ये आलेल्या सीडीवर सेकंदाला ४४,१०० मापे, प्रत्येक १६ बिटांचे (म्हणजे ० वा १ असे १६ अंक). ‘दोन मापांमधला आवाज गळतो’ हा समज चुकीचा आहे. माणसाला ऐकू येणाऱ्या, म्हणजे सुमारे २० किलोहर्ट्झपर्यंतच्या लहरी या मापांवरून पुरत्या उभ्या करता येतात. सर्वांत हळू व सर्वांत मोठ्या आवाजातले अंतर सीडीवर ९६ डेसिबलच्या घरात असते, तबकडीवर बहुधा ६० ते ७०. मोजमापाने डिजिटल सरस, यात वाद नाही.

तबकडीचा एक दोष जन्मजातच. एलपीच्या (मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या मोठ्या तबकडीच्या) कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंमी. खाच सरकते, आत लेबलाजवळ जेमतेम २०. तिथे तेवढीच लहर कमी जागेत दाटते, त्यामुळे तबकडीच्या प्रत्येक बाजूवरच्या शेवटच्या गाण्यात ‘स’, ‘श’ फाटल्यासारखे येतात. त्यात जळगाव-भुसावळचा उन्हाळा! पारा ४५ अंशांपुढे गेला की पत्र्याच्या घरात तिरकी टेकवून ठेवलेली तबकडी वाकते आणि सूर हेलकावतो. कोरड्या हवेत तिच्यावर स्थिर विद्युत साचते. काळ्या मातीची धूळ नि कपाशीची तूस खाचेत बसून कडकडाट होतो.

मात्र डिजिटल म्हणजे उत्तमच, असेही नाही. मोबाइलच्या दुकानांतून मेमरी कार्डात भरून मिळणारी अहिराणी गाणी बहुधा एमपी३ (आकार कमी केलेल्या फाइली) असत. १२८ केबीपीएसची (सेकंदाला १२८ हजार बिटांची) फाइल सीडीवरच्या त्याच गाण्याच्या अकराव्या हिश्श्याएवढी. मोठ्या आवाजाखाली दबणारे बारीक आवाज त्यात गाळलेले असतात. कानबाईच्या (खानदेशातल्या लोकदेवतेच्या) गाण्यातली झांज ऐकावी : छणत्काराऐवजी नुसती सळसळ उरते. ३२० केबीपीएसला हा फरक बहुतेकांना कळत नाही. फ्लॅक या फाइल-प्रकारात तर काहीच गाळले जात नाही. लग्नाच्या डीजेवर ही चर्चाच व्यर्थ.

तबकडीचा ‘उबदार’ आवाज आवडणे ही भ्रमाची गोष्ट नव्हे. तो तिच्या सौम्य विकृतीतून आणि वेगळ्या मास्टरिंगमधून (प्रती काढण्याआधी ध्वनीवर केलेल्या शेवटच्या संस्कारातून) येतो. नव्या डिजिटल आवृत्त्यांत पुष्कळदा हळू-मोठे सगळेच आवाज एकसारखे मोठे करून ठेवतात, त्यापुढे जुनी तबकडी मोकळी वाटते. तीच तबकडी नीट सीडीवर उतरवली तर तो उबदारपणाही सोबत उतरतो. उतरवताना मंडपवाल्यांकडच्या मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकड्यांना एलपीची बारीक सुई लावू नये. त्यांची खाच रुंद असते, सुई तळाशी घासते आणि खरखर वाढते.