डेंटिन आणि पल्प: दातातली कळ नक्की कुठली?

दाढ दुखली की आपण सरसकट "नस दुखतेय" म्हणतो, पण वरच्या पांढऱ्या इनॅमलखाली डेंटिन आणि त्याच्याही आत पल्प असतो, आणि बिघाड यातल्या कुठपर्यंत पोचलाय त्यावरच नुसतं सिमेंट भरून भागेल की रूट कॅनॉल (म्हणजे पल्प काढून ती जागा भरणं) करावं लागेल ते ठरतं.

डेंटिन कडक, जरासं पिवळट, दाताचा बहुतेक भाग त्याचाच. वजनाने साधारण ७०% खनिज, २०% कोलॅजन (एक प्रथिन) वगैरे आणि बाकी पाणी. इनॅमलमध्ये खनिज ९६% असतं, त्यामानाने हे मऊच, म्हणून कीड इथे आली की भराभर पसरते. दिसायला भरीव, पण पल्पपासून बाहेरच्या बाजूला जाणाऱ्या अतिसूक्ष्म नळ्यांनी भरलेलं, पल्पजवळ तर एका चौरस मिलिमीटरमध्ये त्या हजारोंनी असतात आणि त्यांच्यात द्रव असतो. हिरडी खाली सरकली किंवा इनॅमल झिजलं आणि त्यावर गार पाणी लागलं की हा द्रव हलतो, आतल्या टोकाच्या नसांना ते जाणवतं आणि सणकन कळ जाते. स्वीडनचे दंतसंशोधक ब्रेनस्ट्रॉम यांनी १९६० च्या दशकात हे प्रयोगांनी दाखवलं. म्हणजे गार लागतं डेंटिनला, कळतं पल्पला!

पल्प अगदी मऊ, नसा आणि रक्तवाहिन्यांचा, त्या मुळाच्या टोकाच्या बारीकशा छिद्रातून आत येतात. बोट सुजलं तर फुगतं, पल्पला फुगायला जागाच नाही, चहूबाजूंनी डेंटिनची भिंत, मग आत दाब वाढतो आणि तो ठणका सुरू होतो जो आडवं झालं की अजून वाढतो.

पण ती भिंत बांधतो पल्पच, त्याच्या कडेच्या पेशी आयुष्यभर डेंटिन बनवत राहतात, म्हणून उतारवयात पल्पची पोकळी लहान होते, आणि कीड हळूहळू येत असेल तर तिच्या वाटेत जादा थरही घातला जातो. इनॅमलला ही सोय नाही, ते बनवणाऱ्या पेशी दात उगवतानाच संपतात.

गारची कळ दोन-चार सेकंदात गेली तर पल्प बहुतेक सावरू शकतो, लगेच दाखवा. कळ मिनिटभर रेंगाळत असेल किंवा रात्री आपोआप ठणकत असेल तर पल्पच सुजलाय, नुसत्या पेनकिलरवर काढू नका. आणि ठणका अचानक थांबला म्हणून अपॉइंटमेंट तर अजिबात कॅन्सल करू नका, पल्प मेलेला असू शकतो आणि इन्फेक्शन मुळाच्या टोकातून हाडाकडे निघालेलं असू शकतं.