बोअर किटची पार्श्वभूमी: स्कूटरचं इंजिन घरी उघडण्याची परंपरा आली कुठून

बोअर किट म्हणजे मूळ सिलिंडरच्या जागी बसणारा मोठ्या व्यासाचा सिलिंडर आणि पिस्टन. पियाज्जो कंपनीची पहिली व्हेस्पा स्कूटर १९४६ साली इटलीतल्या पोंतेदेराच्या कारखान्यातून बाहेर पडली. तिचा रचनाकार कोरादिनो दास्कानियो हा विमानं आणि हेलिकॉप्टरांच्या कामातून आलेला. त्याने साखळी काढूनच टाकली आणि इंजिन, क्लच, गिअर असं सगळं एकाच खोक्यात बसवून ते थेट मागच्या चाकाला जोडलं. बोअर (सिलिंडरचा व्यास) ५० मिमी, स्ट्रोक (पिस्टनचा वर-खाली प्रवास) ५० मिमी, क्षमता ९८ सीसी. पुढे व्हेस्पाची मॉडेलं बदलत गेली, तरी ही मांडणी टिकली, आणि घरच्या घरी इंजिन बांधण्याची सवय तिच्यामुळेच लागली. सायलेन्सर, केबली आणि वायर सोडवल्या, मागच्या शॉक अब्सॉर्बरचा बोल्ट काढला, आरपार जाणारा एक लांब बोल्ट ठोकून बाहेर काढला की इंजिन हातात येतं. उचलायला क्रेन लागत नाही, एक माणूस पुरतो. मागच्या चाकाचा मोठा नट मात्र इंजिन गाडीवर असतानाच, ब्रेक दाबून सैल करून घ्यावा. खाली उतरवल्यावर तो धरायला काही उरत नाही.

१९५० च्या दशकाच्या अखेरीस व्हेस्पाच्या इंजिनात एक मोठा बदल झाला. पेट्रोल-हवेचं मिश्रण सिलिंडरच्या भिंतीतून आत घेण्याऐवजी ते सरळ क्रँककेसमध्ये (क्रँक ज्यात फिरतो ते खोकं, थोडक्यात केस) घेतलं जाऊ लागलं, आणि क्रँकची पाती स्वतःच झडपेचं काम करू लागली. ताजं तेलमिश्रित पेट्रोल कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगवर थेट पडू लागल्यामुळे तेलाचं प्रमाण ५ टक्क्यांवरून २ टक्क्यांवर, म्हणजे लिटरला २० मिलीवर आणता आलं. पण या रचनेत एक नाजूक जागा आहे. क्रँकची पाती केसमधल्या ज्या घासलेल्या पृष्ठभागाजवळून फिरते, तिथे जेमतेम काही शतांश मिलिमीटर फट असते. बेअरिंगचा एखादा तुकडा तिथून गेला आणि खोल चरा पडला, की मिश्रण कार्ब्युरेटरकडे उलटं फेकलं जातं. गाडी किकला दाद देत नाही, एअर फिल्टर पेट्रोलने ओला होतो. म्हणून जुनी केस विकत घेताना सिलिंडरच्या आधी ही पट्टी बोटाने चाचपावी. सिलिंडर बदलता येतो, ही पट्टी सहज भरून येत नाही.

किटचा धंदा उभा राहिला तो मात्र कायद्यामुळे. इटलीत ५० सीसीपर्यंतच्या गाडीला नंबर प्लेटची सक्ती नव्हती. त्या सवलतीसाठीच पियाज्जोने १९६३ मध्ये व्हेस्पा ५० काढली: बोअर ३८.४ मिमी, स्ट्रोक ४३ मिमी. याच धाटणीच्या केसमधून पुढे १२५ सीसीची प्रिमावेराही निघाली. म्हणजे ५० सीसीची केस मुळातच गरजेपेक्षा दणकट होती आणि तिच्यातली ताकद कायद्याने झाकून ठेवली होती. ती उघडी करायला इटलीतले कारखाने पुढे आले. मालोसी (स्थापना १९३०) मूळचा कार्ब्युरेटरवाला, पोलिनी (स्थापना १९४५) बर्गामोजवळचा. ४३ मिमी स्ट्रोक तोच ठेवून ४७ मिमीचा पिस्टन बसवला की ७५ सीसी होतात, ५५ मिमीचा बसवला की १०२. व्हेस्पाच्या पीएक्स मालिकेतल्या १२५ आणि १५० सीसीच्या इंजिनांचा स्ट्रोक ५७ मिमी; त्यांना ६३ मिमीचा सिलिंडर लावला की १७७ सीसी. हा १७७ चा आकडा स्कूटरवाल्यांच्या तोंडी बसलेला आहे.

ताकद फक्त सीसीतून येत नाही, हे त्याआधी जर्मनीत सिद्ध झालं होतं. आडोल्फ श्न्युर्ले याने १९२० च्या दशकात टू-स्ट्रोकची पोर्टं (सिलिंडरच्या भिंतीतली वायूची दारं) अशी वळवली, की ताजं मिश्रण सिलिंडरच्या मागच्या भिंतीकडे जाऊन वर वळतं आणि जळका वायू बाहेर ढकलतं. त्यामुळे पिस्टनच्या डोक्यावरच्या उंचवट्याची गरज संपली. सुरुवातीच्या व्हेस्पात तो उंचवटा होता, पुढे सपाट डोक्याचे पिस्टन आले. दुसरी झेप पूर्व जर्मनीतल्या एमझेड या मोटरसायकल कंपनीच्या वाल्टर काडेनची. सायलेन्सरचा पोटाकडे फुगलेला आणि शेवटी आवळलेला आकार दाबाची लाट परत पाठवतो आणि निसटू पाहणारं मिश्रण सिलिंडरमध्ये कोंबतो. या हिशोबावर त्याने १९६१ पर्यंत १२५ सीसीतून सुमारे २५ अश्वशक्ती काढली. त्याच वर्षी त्याचा स्वार अर्न्स्ट डेग्नर पळून सुझुकीकडे गेला, आणि १९६२ ची ५० सीसीची जागतिक स्पर्धा सुझुकीने जिंकली. आज स्कूटरला लागणारा फुगीर पाइप याच घराण्यातला.

असा पाइप ठरावीक आरपीएमच्या पट्ट्यातच जोर देतो. चार गिअरच्या व्हेस्पात गिअर टाकला की इंजिन त्या पट्ट्याखाली घसरतं. बेल्टवर चालणाऱ्या ऑटोमॅटिक स्कूटरमध्ये मात्र पुढच्या पुलीतल्या रोलरचं वजन इंजिनाला एका आरपीएमवर धरून ठेवतं. रोलर हलके केले की इंजिन वरच्या फेऱ्यांवर राहतं. म्हणून १९८० च्या दशकात जपानी ऑटोमॅटिक स्कूटर पसरल्या, तसे पाइप, ७० सीसीचं किट आणि रोलर हे त्रिकूट जमलं. याच कारणाने किट बसवून रोलर जुनेच ठेवणं ही चुकीची काटकसर आहे. वजन अर्ध्या-एका ग्रॅमने बदलत जावं आणि सपाट झिजलेला रोलर परत वापरू नये.

टू-स्ट्रोकचं किट बसवल्यावर इंजिन जाम होण्याची कारणं बहुतेक ठरलेली. क्रँकचं जुनं ऑइल सील हवा ओढतं, मिश्रण पातळ होतं (त्यात पेट्रोल कमी पडतं), पिस्टन तापून फुगतो आणि सिलिंडरला धरतो. म्हणून नवा सिलिंडर चढवण्याआधी दोन्ही सील बदलावीत. रिंग सिलिंडरमध्ये सरळ बसवून तिच्या टोकांतली फट फीलर गेजने मोजावी. ४७ मिमी बोअरला ती ०.२ मिमीच्या आसपास हवी. पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडे, पिस्टनची पिन अडवणारी सर्कलिप दर वेळी नवीन. पिस्टन आणि हेडमधली फट बघायला प्लगच्या भोकातून सोल्डरची तार कडेपर्यंत सरकवून क्रँक फिरवावा आणि चेपलेली तार मोजावी: १ ते १.२ मिमी ठीक, त्याहून खूप जास्त असेल तर ताकद वाया जाते. कार्ब्युरेटरचा मेन जेट (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) मोठ्या आकाराने सुरू करून एकेक पायरी खाली यावं, उलट दिशेने कधीच नाही.

प्रदूषणाचे नियम कडक झाले तसे टू-स्ट्रोक मागे पडले आणि जागा फोर-स्ट्रोकने घेतली. तैवान-चीनमध्ये अफाट संख्येने बनलेलं जीवाय६ इंजिनांचं कुटुंब आज घरच्या कामाचं मुख्य मैदान आहे. त्यातल्या ५० सीसीच्या १३९क्यूएमबीचा बोअर ३९ मिमी, स्ट्रोक ४१.४ मिमी, ४७ मिमीच्या सिलिंडरने ७२ सीसी होतात, ५० मिमीच्याने ८१. इथे फसायची जागा हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या वरच्या झाकणात आहे. मूळ हेडची पोकळी ३९ मिमीच्या बोअरपुरती असते, त्यामुळे मोठ्या सिलिंडरबरोबर त्याच मापाचं हेड घ्यावं लागतं. शिवाय या इंजिनात ६४ मिमी आणि ६९ मिमी अशा दोन लांबींचे व्हॉल्व्ह येतात. हेड मागवण्याआधी जुना व्हॉल्व्ह काढून कॅलिपरने मोजावा.